देव आणि माणूस यांच्यातील समेट: पुढाकार कोणाचा?

ख्रिस्ती धर्माविषयी ऐकीव माहिती असलेल्या पुष्कळ वाचकांच्या मनात, आणि नियमाने चर्चला जाणाऱ्या अनेकांच्याही मनात, येशूच्या मरणाबद्दल एक चित्र पक्के बसलेले असते. माणसाने पाप केले, देव रागावला, कोणाला तरी शिक्षा झाल्याशिवाय तो राग शमणार नव्हता, म्हणून निरपराध येशूने ती शिक्षा स्वतःवर घेतली आणि देव शांत झाला. बायबलच्या नव्या करारात देवाच्या क्रोधाविषयी, न्यायाविषयी आणि बलिदानाविषयी स्पष्ट वचने आहेत, त्यामुळे हे चित्र कोणी मनाने रचले असे म्हणता येत नाही. तरीही त्यात एक मोठी चूक आहे. त्यात देव समजूत काढून घेण्याच्या जागी बसलेला आहे आणि त्याचे मन वळवण्याची खटपट दुसरे कोणी करत आहे. प्रेषित पौलाने जे लिहिले ते याच्या नेमके उलट आहे, आणि समेटाची ख्रिस्ती शिकवण समजून घ्यायची तर सुरुवात त्याच्यापासून करणे बरे.

पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेले दुसरे पत्र साधारणपणे इ. स. 55-56 च्या सुमाराचे मानले जाते. रोमन सैन्याने इ. स. पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलेले आणि इ. स. पू. 44 मध्ये जुलियस सीझरने पुन्हा वसवलेले करिंथ हे गजबजलेले व्यापारी शहर होते. तेथील मंडळी पौलानेच स्थापन केली होती, परंतु मधल्या काळात तिचे आणि त्याचे संबंध बिघडले. एक भेट दुःखाची झाली; त्यानंतर आपण अश्रू गाळत एक पत्र लिहिले असे तो स्वतःच सांगतो. म्हणजे समेटाविषयीचे त्याचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन, या पत्राच्या पाचव्या अध्यायातले, हे दुरावलेल्या माणसांशी पुन्हा बोलणे सुरू करताना लिहिले गेले आहे. त्याला हा विषय पुस्तकातून सुचलेला नव्हता.

तेथे तो म्हणतो की देव ख्रिस्ताच्या ठायी जगाचा स्वतःशी समेट करत होता आणि माणसांचे अपराध त्यांच्याकडे मोजत नव्हता. या विधानाचे नवेपण कळण्यासाठी त्याच्या आधीच्या यहुदी लेखनाकडे पाहावे लागते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात, अंतियोख राजाच्या छळात मरणाला सामोरे जाणाऱ्या सात भावांपैकी एक जण म्हणतो की आपला प्रभू थोडा काळ आपल्यावर रागावला असला तरी तो आपल्या सेवकांशी पुन्हा समेट करील. तेथे माणसांची प्रार्थना आणि माणसांचे सोसणे यांनी देवाचे मन पालटते. पौलाच्या पत्रांत मात्र देवाचा माणसाशी समेट घडवून आणावा लागला असे एकदाही म्हटलेले नाही. ज्याचा अपराध झाला आहे तोच समेट घडवतो, आणि ज्याने अपराध केला आहे त्याला परत आणले जाते. पुढे पौल स्वतःला ख्रिस्ताचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणवतो. त्या काळच्या रोमन जगात सामान्यतः दुबळ्या बाजूचे लोक, एखादे शहर किंवा हरलेले राज्य, सम्राटाकडे विनवणीसाठी वकील पाठवत असत. येथे सिंहासनावर बसलेलाच आपले वकील खाली पाठवतो आणि त्यांच्या तोंडून विनवणी करतो.

हा दुरावा मुळात आला कोठून, याचे उत्तर बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आदाम आणि हव्वा यांनी मना केलेले फळ खाल्ले एवढाच भाग बहुतेकांना आठवतो, पण कथेचा भार त्यानंतरच्या ओळींवर आहे. ती दोघे झाडांमध्ये लपतात. देव बागेत फिरत येतो आणि हाक मारतो, ‘तू कोठे आहेस?’ मग आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सर्पाकडे. पाप म्हणजे केवळ नियमभंग नसून नाते तुटणे आहे, ही गोष्ट येथे कोणतीही व्याख्या न करता सांगितली आहे: देवाची भीती वाटू लागते, जोडीदारावर खापर फोडले जाते, आणि पुढच्याच अध्यायात भाऊ भावाला ठार मारतो. आणि पहिली हाक देवाची आहे, हेही येथेच दिसते. लपलेला माणूस देवाला शोधत निघालेला नाही.

पश्चिमेकडील ख्रिस्ती परंपरेने, विशेषतः पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ऑगस्टीनने, या बिघाडाचे वर्णन प्रामुख्याने वारशाने आलेला दोष म्हणून केले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा दोषापेक्षा मृत्यूच्या आणि क्षयाच्या गुलामगिरीवर अधिक भर देते. माणूस स्वतःच्या बळावर या स्थितीतून बाहेर पडू शकत नाही, याबद्दल मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांचा विचार करून पाहावा. खटल्याचा निकाल लागतो, मोजणी होते, दंड भरला जातो, आणि तरीही सणावारी एकमेकांच्या घरी पाऊल पडत नाही. निकाल लागणे वेगळे आणि समेट होणे वेगळे. पौलाला दोन्ही हवे आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आधी सांगतो की आपण विश्वासाने नीतिमान ठरवले गेलो आहोत, म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागला आहे. पण तो तेथे थांबत नाही. आपण देवाचे शत्रू असतानाच त्याच्या पुत्राच्या मरणाने आपला त्याच्याशी समेट झाला, असे तो लगेच पुढे म्हणतो. शत्रू असताना, सुधारल्यानंतर नव्हे. मला हे त्या पत्रातले सर्वांत धाडसी विधान वाटते, कारण माणसांच्या व्यवहारात समेटाची जी अट आपण सगळे घालतो, समोरच्याने आधी चूक कबूल करावी ही, ती येथे समेटाच्या आधी येतच नाही.

मग बलिदान कशासाठी? येथे जुन्या करारातील प्रायश्चित्ताच्या दिवसाकडे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण नव्या कराराची भाषा तेथून आली आहे. लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायानुसार वर्षातून एकदाच प्रमुख याजक पडद्याआड, परमपवित्र स्थानात जात असे. त्या दिवशी तो आपली भरजरी वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे घालत असे, आणि इतरांच्या पापांकडे वळण्यापूर्वी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करत असे. मग दोन बकरे आणले जात आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकल्या जात. एकाचा बळी देऊन त्याचे रक्त कराराच्या कोशावरील दयासनावर, म्हणजे त्या पवित्र पेटीच्या झाकणावर, व त्याच्यापुढे शिंपडले जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापे मोठ्याने कबूल करी, आणि तो बकरा जिवंतच अरण्यात सोडला जाई. एक बकरा पवित्र स्थान शुद्ध करतो, दुसरा पाप दूर घेऊन जातो. या दुसऱ्या बकऱ्याला मारलेच जात नाही.

या विधीकडे देवाला दिलेली लाच म्हणून पाहणाऱ्याने त्याच ग्रंथाचा पुढचा अध्याय वाचायला हवा. तेथे देव सांगतो की प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्तासाठी मीच तुम्हांला दिले आहे. म्हणजे प्रायश्चित्ताचे साधनही देवाकडूनच आलेले आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक हा धागा पुढे नेतो: दरवर्षी पुन्हा पुन्हा करावा लागणारा विधी अपुरा होता, ख्रिस्ताने मात्र स्वतःचे अर्पण एकदाच आणि कायमचे केले. मार्काच्या शुभवर्तमानात येशूच्या मरणक्षणी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो असे लिहिले आहे. फाटण्याची ही दिशा, म्हणजे देवाकडून माणसाकडे, मार्काने मुद्दाम नोंदवली असावी, असे मला वाटते.

आता अवघड प्रश्न. वधस्तंभावरील एका मरणाने हे नेमके घडले कसे? ख्रिस्ती मंडळीने येशू कोण आहे याबद्दल अनेक परिषदांत बारकाईने निर्णय घेतले, 325 मध्ये नायसिया येथे आणि 451 मध्ये खल्कदोन येथे. परंतु समेट कसा घडला याचे एकच स्पष्टीकरण कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने बंधनकारक केले नाही. त्यामुळे गेल्या दोन हजार वर्षांत निरनिराळ्या विचारवंतांनी निरनिराळी उत्तरे दिली.

सुरुवातीच्या शतकांत खंडणीची कल्पना लोकप्रिय होती. माणूस पापामुळे सैतानाच्या ताब्यात गेला होता आणि येशूचे जीवन ही त्याच्या सुटकेची किंमत होती, असे म्हटले जाई. येशूने स्वतः आपला जीव पुष्कळांच्या खंडणीसाठी देण्याविषयी बोलल्याचे मार्क लिहितो, म्हणून या कल्पनेला आधार होता. पण चौथ्या शतकात कप्पदुकियातील नाझियान्झचा ग्रेगरी याने सरळ विचारले: ही खंडणी दिली कोणाला? सैतानाला दिली म्हणावे तर ती कल्पनाच लाजिरवाणी आहे. दरोडेखोराला प्रत्यक्ष देव मोबदला म्हणून का मिळावा? पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कैदेत ठेवलेलेच नव्हते. शिवाय अब्राहामाने इसहाकाला अर्पण करायला घेतले तेव्हा ज्या देवाने त्या मुलाचा बळी स्वीकारला नाही आणि त्याच्या जागी मेंढा दिला, त्याला आपल्या एकुलत्या एक पुत्राच्या रक्ताने आनंद कसा व्हावा? सोळाशे वर्षांनंतरही हा प्रश्न तितकाच टोकदार आहे, आणि आरंभी सांगितलेल्या चित्राला दिलेले याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही.

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने वेगळी मांडणी केली. इंग्लंडच्या राजाशी वाद होऊन तो देशाबाहेर असताना, 1098 मध्ये, इटलीत त्याने ती पूर्ण केली. त्याच्या भोवतीच्या सरंजामी समाजात अपमानाची भरपाई ज्याचा अपमान झाला त्याच्या पदावरून ठरत असे. देवाचा सन्मान अमर्याद आहे, तेव्हा त्याच्या अवमानाचे ऋणही अमर्याद आहे. ते फेडणे माणसाचे कर्तव्य आहे पण त्याला ते शक्य नाही. देवाला ते शक्य आहे पण त्याच्यावर ते कर्तव्य नाही. म्हणून फेडणारा एकाच वेळी देव आणि माणूस असायला हवा. अन्सेल्मच्या मते येशूला शिक्षा झालेली नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. त्याने शिक्षा आणि भरपाई यांना एकमेकांचे पर्याय मानले होते, आणि येशू आपले जीवन स्वखुशीने अर्पण करून शिक्षेऐवजी भरपाई करतो, असे त्याचे म्हणणे होते. बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड याने वधस्तंभावर प्रकट झालेल्या प्रेमाने माणसाच्या हृदयात प्रेम जागे होते यावर भर दिला. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी, विशेषतः जिनिव्हातील कायद्याचा अभ्यास केलेल्या कॅल्विनने, न्यायालयाची भाषा पुढे आणली: दोषीला मिळायची शिक्षा ख्रिस्ताने त्याच्या जागी सोसली.

ही शेवटची मांडणी अनेक प्रोटेस्टंट उपदेशांतून आणि गीतांतून घरोघर पोहोचली, आणि अपराधाच्या ओझ्याखाली पिचलेल्या असंख्य माणसांना तिने खरा दिलासा दिला आहे; तो नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु तिच्यात पिता एका बाजूला आणि पुत्र दुसऱ्या बाजूला अशी फूट पाडली गेली की ती ख्रिस्ती शिकवणच उरत नाही. नायसियाच्या परिषदेने पुत्र आणि पिता एकतत्त्व आहेत असे ठरवले, याचा येथे थेट परिणाम होतो. वधस्तंभावर असलेला हा देव आणि माणूस यांच्या भांडणात सापडलेला तिसरा कोणी नाही. ज्याचा अपराध झाला तोच तेथे अपराधाची किंमत आपल्या अंगावर घेत आहे. देवाचा क्रोध खरा आहे, कारण जे प्रेम अन्यायाकडे पाहून थंड राहते ते प्रेम म्हणता येत नाही. पण त्या क्रोधाला विकत घेऊन गप्प बसवणारा बाहेरचा कोणी नाही.

देवाने सुरुवात केली म्हणजे माणसाला काही करायचे उरले नाही, असा अर्थ मात्र होत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या मुलाचा दाखला यासाठीच वाचावा. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, दूरदेशी सगळे उडवतो, दुष्काळात डुकरे चारण्याची वेळ येते. आणि यहुदी मुलाच्या वाट्याला याहून हीन काम येणे कठीण. तो घरी जायचे ठरवतो आणि बापापुढे म्हणायचे वाक्य मनात तयार करतो: मी पाप केले आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेव. तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो, धावत जातो, गळ्यात पडून मुके घेतो. मुलगा बोलू लागतो, पण दाखल्यातील दोन्ही ठिकाणची वाक्ये ताडून पाहिली तर दिसते की मोलकऱ्याचा भाग त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. बाप मध्येच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. पश्चात्ताप येथे खराखुरा आहे, मुलाला उठून चालावे लागले आहे. पण मिठी त्या कबुलीच्या आधी आहे, आणि चाकरीच्या सौद्याला बाप वावच देत नाही. पुढे थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

मंडळीच्या जीवनात या शिकवणीने दोन ठळक रूपे घेतली. कॅथलिक परंपरेत याजकापुढे पापनिवेदन करण्याचा संस्कार आहे; 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो वर्षातून किमान एकदा आवश्यक ठरवला. वसईच्या चर्चमध्ये ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत यासाठी रांगा लागतात, आणि गोव्यात कोकणीत याला कुमसार म्हणतात. 1973 मध्ये सुधारलेल्या विधीत याजक पापक्षमा उच्चारताना आरंभीच सांगतो की दयाळू पित्याने आपल्या पुत्राच्या मरणाने व पुनरुत्थानाने जगाचा स्वतःशी समेट केला आहे. हे पौलाच्याच वाक्याचे पडसाद आहेत, आणि क्षमेच्या आधी समेट झाल्याचे सांगितले जाते हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी याजकाच्या मध्यस्थीवर भर देणे सोडले आणि केवळ कृपेने, केवळ विश्वासाने ही भूमिका घेतली. या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडील मंडळी दुभंगली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. स्वतःच्या कोणत्याही गुणाने नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, असे दोघांनी मिळून मान्य केले.

शिकवण मान्य असणे आणि समेट अनुभवणे यांतील अंतर पंडिता रमाबाईंनी फार प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. बुद्धीने त्यांनी खूप काही तपासून घेतले होते, वादही घातले होते. तरीही सुमारे आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. त्यानंतर आपण जशा आहोत तशा त्याच्याकडे आलो, हे त्या सांगतात. संस्कृतात पारंगत, शास्त्रार्थात मुरलेल्या विदुषीने पांडित्याच्या पलीकडे उरलेली ही उणीव उघड बोलून दाखवावी, याचे मोल मला फार वाटते.

आता या शिकवणीची दुसरी बाजू, जिच्याबद्दल चर्चमध्ये सहसा कमी बोलले जाते. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ आपले दान आणलेले असताना, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन ते अर्पण कर. हे ऐकणारे गालीलातील होते आणि वेदी यरुशलेमात होती, पायी काही दिवसांच्या अंतरावर. अर्पणाचे जनावर तेथे ठेवून गावी परतायचे, भावाची गाठ घ्यायची आणि पुन्हा यायचे, एवढी ही आज्ञा प्रत्यक्षात कष्टाची आहे.

इफिसकरांस पत्र याही पुढे जाते. ख्रिस्ताने यहुदी आणि परराष्ट्रीय यांच्यातील मधली आडभिंत पाडली आणि दोघांचा एका शरीरात देवाशी समेट केला, असे त्यात आहे. यरुशलेमच्या मंदिरात परक्यांना थांबवणारा कठडा खरोखरच होता. त्यावरील ग्रीक भाषेतील एक शिलालेख 1871 मध्ये सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: कोणाही परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, जो पकडला जाईल तो स्वतःच्या मृत्यूस स्वतः जबाबदार राहील. देवाशी समेट झालेल्यांनी एकमेकांमध्ये असा कठडा ठेवावा का, असा पत्रलेखकाचा सवाल आहे.

दक्षिण आफ्रिकेत हा सवाल अगदी उघड्यावर आला. तेथील डच रिफॉर्म्ड चर्चने 1857 मध्ये, काही गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बलते’मुळे, वेगळ्या वर्णाच्या ख्रिस्ती लोकांसाठी वेगळ्या उपासनेला मान्यता दिली, आणि 1881 मध्ये वेगळे चर्चच निघाले. त्या वेगळ्या काढलेल्या चर्चने केप टाउनजवळच्या बेल्हार येथे 1982 मध्ये एक विश्वासकबुली तयार केली आणि 1986 मध्ये ती स्वीकारली. वर्णावरून माणसांना सक्तीने वेगळे ठेवण्यास शुभवर्तमानाच्या नावाने पाठिंबा देणारी कोणतीही शिकवण तिने फेटाळली, कारण अशी शिकवण ख्रिस्ताने घडवलेल्या समेटालाच नाकारते. त्याबरोबर न्यायाचेही कलम तिने ठेवले. अन्याय तसाच ठेवून हातमिळवणी करा, असे सांगण्याची सोय तिने ठेवली नाही. यरीहोच्या जक्कयाची गोष्टही हेच दाखवते: येशू उंबराच्या झाडावर चढलेल्या त्या जकातदाराला आधी खाली बोलावतो, त्याच्या घरी उतरायचे ठरवतो, आणि मग जक्कय आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे व लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. लेवीयातील नियमानुसार मूळ रकमेवर एक पंचमांश भरला असता तरी चालले असते.

आपल्याकडचा कठडा जातीचा आहे. गोव्यातील अनेक गावांच्या चर्चमध्ये कोंफ्रारिया, म्हणजे उत्सव आणि मानपान सांभाळणारी मंडळे, जातीनुसार विभागलेली होती, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांतही लग्न जुळवताना बाप्तिस्म्याआधीच्या पिढ्यांची जात विचारली जाते. करिंथकरांस पत्रातील समेटाच्या उताऱ्यावर उपदेश होतो तेव्हा तो बहुधा एकेका जिवाच्या तारणाविषयी असतो, आणि तसा तो असायलाही हवा. पण ज्या देवाने शत्रूंकडे स्वतः वकील पाठवले, त्याच्या प्रभुभोजनाला एकत्र बसणाऱ्यांपैकी आधी कोणी कोणाच्या दाराशी जायचे, हा प्रश्नही त्याच उताऱ्यात आहे, आणि तोही त्याच व्यासपीठावरून, नाव घेऊन विचारला जायला हवा.